भागावरून पूर्ण

आमच्या शाळेत गणिताच्या बाईंना मुलं पूर्णबाई म्हणायची. पाठीमागे अर्थातच, तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. बाईंना ते नाव ठाऊक होतं आणि माझ्या मते आवडतही होतं, कारण त्यावरून त्यांनी कधी कोणाला वर्गाबाहेर काढलं नाही. एरवी त्या नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

मी त्याच शाळेत भाषा शिकवायचे. गणिताचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. पण आम्ही दोघी एकाच इमारतीत राहायचो, त्या खाली आणि मी त्यांच्या डोक्यावर, त्यामुळे जाता-येता जिन्यात, शिक्षकांच्या खोलीत आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी त्यांना इतकी वर्षं पाहिलं की त्यांचा एक धडा मलाही पाठ झाला. तोच सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बाई वर्गात कागदाची एक पट्टी आणायच्या. घरूनच फाडून आणलेली. ती फळ्यावर चिकटवून म्हणायच्या, “हा पट्टीचा दोन तृतीयांश भाग आहे. लांबी अठरा सेंटिमीटर. अख्खी पट्टी केवढी होती?” निम्म्या वर्गाचे हात वर. “बारा!” अठराचे दोन तृतीयांश बारा, हिशेब बरोबर, उत्तर साफ चूक. बाई पट्टी उतरवायच्या, कात्रीने तिचा तिसरा हिस्सा उडवायच्या आणि उरलेला तुकडा सर्वात मोठ्याने ओरडलेल्याच्या हातात द्यायच्या. “घे तुझी अख्खी पट्टी. होती त्याहून लहान झाली. बघ बुवा, कशी काय झाली ते.”

मग पद्धत सांगायच्या. दोन वाट्यांचे अठरा, तर एका वाट्याचे नऊ. पट्टीत वाटे तीन. नऊ त्रिक सत्तावीस. आधी एक वाटा शोधायचा, मग सगळे वाटे जमवायचे. वह्या तपासताना तांबड्या शाईने एकच वाक्य लिहायच्या: “भागाचा भाग काढलास. पूर्ण विचारलं होतं.” हे वाक्य मी त्यांच्या टेबलावर इतक्या वेळा वाचलं आहे की एकदा एका निबंधाखाली मीसुद्धा तेच लिहून बसले. त्या मुलाचे वडील भेटायला आले होते.

बाईंचा नवरा पाट्या रंगवायचा. गल्लीत सगळे त्याला पेंटर म्हणायचे. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, ‘येथे वाहने लावू नयेत’ वगैरे. शाळेच्या भिंतीवर अपूर्णांकांची वर्तुळं काढायला तो आला आणि बाईंनी त्याला एकेक वर्तुळ पुसून पुन्हा काढायला लावलं, कारण त्याचे पाच वाटे सारखे नव्हते. असा त्यांचा परिचय झाला आणि वर्तुळं पुरी होईपर्यंत लग्न ठरलं. पेंटर सांगायचा, “दुसरीकडे कुठे पैसे घेऊनही एवढी बोलणी खाल्ली नव्हती, म्हटलं आता जन्मभर फुकटच खाऊ.” त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा, बाई मोजून बोलायच्या. तोही त्यांना बाईच म्हणायचा. लग्नानंतरची सगळी वर्षं बाईच.

कामात मात्र तो बडबड्या नव्हता. पाटी आली की आधी तिचा मध्य काढायचा. दोन्ही कडांपासून मोजपट्टी लावून, खडूच्या दोरीने रेघ मारून. अक्षरं मोजायची, जागेची वाटणी करायची, मगच कुंचला. नवखे रंगारी नजरेने बेतायचे आणि शेवटचं अक्षर कडेला चिंचोळं करून कोंबायचे. पेंटर त्यांना हसायचा. “डोळा थापा मारतो,” म्हणायचा, “पट्टी थापा मारत नाही.” मला वाटतं, बाईंना तो आवडला तो या एका वाक्यामुळे. बाकी त्याच्यात बाईंना आवडण्यासारखं फारसं नव्हतं. पसारा तर विचारू नका.

बाई निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी, एका औषधाच्या दुकानाची पाटी करून पेंटर शिडीवरून खाली उतरला आणि दुकानदाराला म्हणाला, “झाली. आता चहा सांग.” दुकानदार पाटीकडे बघून हसायला लागला. पाटीचा उजवा अर्धा भाग सुरेख रंगवलेला होता, नेहमीसारखा रेखीव. डावा अर्धा कोरा. दुकानाच्या नावाचा शेवटचा अर्धा भाग तेवढा लिहिला होता. दुकानदाराला वाटलं, पेंटरने गंमत केली. मग त्याने पेंटरच्या तोंडाकडे पाहिलं, तर ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला.

मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. हॉस्पिटलातून तो घरी आला तेव्हा डावा हात लुळा, डावा पाय ओढत, पण जीभ शाबूत आणि डोकंही. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. व्यायाम शिकवणारी मुलगी पहिल्या दिवशी घरी येऊन बाईंना सांगून गेली, “त्यांना डाव्या बाजूचं भान राहत नाहीये. त्यांच्या डावीकडे बसत जा, डावीकडूनच बोलत जा.” बाईंनी मान डोलावली. लुळ्या हाताबद्दल बोलतेय असं त्यांना वाटलं. खुर्ची आणून पेंटरच्या डाव्या अंगाला ठेवली आणि दिवसाचा जेवढा वेळ हाताला काम नसेल तेवढा वेळ तिथे बसू लागल्या. जन्मभर मुलांना ‘का?’ विचारणाऱ्या बाईंनी त्या मुलीला ते एकदा विचारलं असतं, तर पुढचं सारं टळलं असतं. पण घरात आजारपण आलं की माणूस सांगितलेलं करतो, विचारत बसत नाही.

पेंटर नीट जेवेनासा झाला, तिथून बिघडायला सुरुवात झाली. बाई ताटलीत भात, भाजी, उकडलेला बटाटा असं वाढून समोर ठेवायच्या. तो थोडं खायचा, चमचा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, “संपलं. अजून वाढ.”

“समोर आहे ते आधी संपवा.”

“समोर काय आहे? रिकामी ताटली आहे.”

बाई ताटलीकडे बघायच्या. अन्न होतं की. त्यांना वाटायचं, आजाराने माणूस हट्टी होतो. अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी कमी वाढलं. त्याने त्यातलंही टाकलं आणि पुन्हा ओरडला, “एवढंच?” मग त्यांनी आणखी कमी वाढलं. तो त्यातलंही टाकायचा, आणखी ओरडायचा. चांगला धिप्पाड गडी, त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून गळ्याची हाडं दिसायला लागली. बाईंचा चेहराही उतरला. मी एकदा धीर करून म्हटलं, “बाई, सूप वगैरे करून बघा.” त्या म्हणाल्या, “सगळं करून झालं. त्यांना माझ्या हातचं नकोय.”

हे वाक्य बाईंच्या तोंडी यावं याचं मला फार वाईट वाटलं.

आणि तिकडे पेंटरची तक्रार वेगळीच. मी खाली गेले की तो माझ्याशी बोलायचा, त्याच्या उजवीकडच्या स्टुलावर मी बसायचे म्हणून. एका दुपारी म्हणाला, “ताई, तुम्ही वरून उतरून येता. ही घरात असून माझ्याजवळ बसत नाही. आतून आवाज देते. पोटभर वाढत नाही. एवढी काय चूक झाली माझ्याकडून?”

बाई त्याच्या डाव्या हाताला लागून बसल्या होत्या. त्याचा सदरा शिवत. मला वाटलं, हा मुद्दाम टोचून बोलतोय, बायकोच्या तोंडावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी सुई सदऱ्यात खोचली आणि म्हणाल्या, “मी इथेच आहे.” पेंटरने मान उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली आणि दाराला म्हणाला, “मग बाहेर ये ना.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं. आम्ही दोघीही शहाण्या बायका, आणि दोघींनाही काही कळलं नाही. भ्रम झाला असेल, एवढंच मनात आलं.

त्यांना एकच मुलगी. तीन-चार तासांच्या अंतरावर राहते, नोकरी करते, वडिलांची लाडकी. ती भेटायला आली आणि वडिलांची दशा बघून हबकली. वडिलांनी तिलाही तेच सांगितलं: आई जेवायला देत नाही, जवळ येत नाही. तिने आईला विचारलं. आई म्हणाली, “देते. बसते.” याच्या पलीकडे एक शब्द नाही. स्वतःची बाजू मांडणं हा विषय बाई कधी शिकल्याच नव्हत्या. मुलगी चिडली, रडली आणि जाताना सांगून गेली, “पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. आमच्याकडे एक केंद्र आहे, आजारी माणसांना ठेवून घेतात, चांगलं बघतात. बाबा तयार आहेत. तुला जमत नाहीये आई, तुझा दोष नाही.” दोष नाही म्हणताना तिचा आवाज मात्र दोष देणारा होता.

बाई जिन्यात मला म्हणाल्या, “ते हो म्हणाले. मला न विचारता हो म्हणाले.” आणि पायरीवर बसल्या. बाईंना जिन्यात बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. 

मधल्या आठवड्यातली गोष्ट. मी आमटीला मीठ मागायला, खरं तर त्यांची चौकशी करायला, खाली गेले होते. बाई मोरीपाशी पेंटरची ताटली घेऊन उभ्या होत्या. घासत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

“भाषाबाई, हे बघा,” त्या म्हणाल्या. “हा भात कसा कापलाय?”

ताटलीत उरलेला भात मधोमध सरळ रेषेत थांबला होता. बटाटासुद्धा अर्धाच खाल्लेला, त्याच रेषेवर. अलीकडे सगळं चाटूनपुसून साफ, पलीकडे शीतही हललेलं नाही. बाईंच्या वर्गातल्या भिंतीवरचं अर्धं रंगवलेलं वर्तुळ, अगदी तसं. न आवडलेलं जेवण माणूस चिवडतो, असं मोजून अर्धं कोणी टाकत नाही.

बाई ताटली घेऊन बाहेर गेल्या. पेंटरसमोर ठेवली आणि अर्धी फिरवली. उरलेलं अन्न उजव्या बाजूला आलं.

“आलं वाढून!” पेंटर म्हणाला आणि चमचा उचलून शेवटच्या शितापर्यंत खाल्लं.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. खुर्ची अर्थातच डावीकडची.  मी घाबरून पाणी आणलं. पाणी न पिताच त्या म्हणाल्या, “त्यांनी अर्धं खाल्लं की मला वाटायचं, एवढीच भूक. मग मी त्या अर्ध्यालाच ताटली समजून वाढलं. त्यांनी त्याचं अर्धं खाल्लं. मी त्याचं पुन्हा अर्धं केलं. भागाचा भाग काढत बसले, भाषाबाई. मी! त्यांची भूक तर दुप्पट होती.” आणि मग त्या रडल्या. ओक्साबोक्शी नाही, पण चांगल्या रडल्या. पेंटर दाराकडे बघून विचारत होता, “कोण रडतंय आत?”

व्यायामवाल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, “हो, मी तेच तर सांगितलं होतं.” डोळे ठीक असतात, पण मेंदूच डाव्या बाजूला हजेरीतून गाळतो. त्यांच्या लेखी ती बाजू नसतेच, म्हणून ते तिला शोधतही नाहीत. हळूहळू सवय करा, ताटलीच्या आणि टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा, ती सापडेपर्यंत त्यांना हात सरकवायला लावा.

आता खरा प्रश्न होता तो पेंटरला पटवण्याचा. ज्याला सगळं दिसतंय अशी खात्री आहे, त्याला अर्धं दिसत नाही हे सांगायचं कसं? ती दुपार मी त्यांच्या स्टुलावर बसून पाहिली. बाईंनी ताटलीच्या आणि टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावली आणि ताटलीत सफरचंदाच्या फोडी मांडल्या. पेंटरने तीन खाल्ल्या.

“किती होत्या?”

“तीन.”

“मी मांडल्या त्यातल्या निम्म्या तुम्ही खाल्ल्या. तीन म्हणजे निम्म्या, तर पूर्ण किती?”

“सहा. एवढं येतं मला.”

“मग राहिलेल्या कुठे आहेत?”

“तू खाल्ल्या असशील. नाहीतर ताईंनी. त्या बघ कशा गप्प बसल्यात.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याचा उजवा हात धरून ताटलीच्या कडेने डावीकडे नेला. बोटांना फोड लागली तसा तो दचकला. मान वळवली, डोळे ताणून बघितलं. “ही आत्ता ठेवलीस.”

“नाही. तुम्हाला दिसतं तो भाग आहे. पूर्ण नाही.”

“मला सगळं दिसतं!”

“पाटी आखताना कधी नुसत्या डोळ्यावर भरवसा ठेवलात का?” बाईंनी विचारलं. “डोळा काय करतो म्हणायचात?”

  पेंटर पुटपुटला, “थापा मारतो,” आणि आपण होऊन हात पुन्हा डावीकडे सरकवू लागला, लाल पट्टी लागेपर्यंत. पण ते तेवढ्यापुरतंच. संध्याकाळी पुन्हा ‘एवढंच का वाढलंस’ सुरू. मेंदू हटवादी विद्यार्थी असतो. आज कळलेलं उद्या पुसून येतो. पोट मात्र भरायला लागलं, कारण ताटली फिरवायला बाई होत्याच.

“मुलीला फोन करून सांगा की हे सगळं,” मी म्हटलं.

“ताटलीचं सांगितलं. ती म्हणाली, मग तर केंद्रातच न्यायला हवं, तिथे शिकवणारे आहेत.” बाई थांबल्या. “आणि त्यांना अजून वाटतं, मी कामापुरती येते, जवळ बसत नाही. जाऊ दे. राहायचं की नाही ते त्यांनी सांगायचं. मी हात जोडणार नाही.”

या बाईंना काय म्हणावं! खुर्ची दुसऱ्या बाजूला ठेवून एकदा त्याच्या नजरेसमोर बसल्या असत्या तरी चाललं असतं. मी तसं म्हणालेही. तर म्हणाल्या, “डावीकडेच बसायला सांगितलंय. उजवीकडे बसले तर ते डावीकडे बघायला शिकणार कधी?” स्वतःचं घर मोडायची वेळ आली तरी उत्तर आधी सांगायचं नाही, हा त्यांचा मास्तरकीचा खाक्या.

रविवारी मुलगी आली. पेंटरचे कपडे तिने एका बॅगेत भरले, औषधं दुसऱ्या पिशवीत. मीही खाली गेले होते, निरोप द्यायला. तो टेबलापाशी बसला होता. मुलीने सगळ्यांसाठी चहा केला. माझ्या हातात एक कप दिला, एक स्वतः घेतला आणि आईवडिलांचे दोन कप त्या घरात पहिल्यापासून ठेवतात तसे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पेंटरचा उजवीकडे, बाईंचा डावीकडे, बाईंच्या समोर. बाई दोन्ही हात कपाभोवती धरून बसल्या होत्या.

“बाबा, चहा घ्या. मग निघू.”

पेंटरने कप उचलला नाही. त्याच्याकडे बघत राहिला.

“एकच कप ठेवलास?” त्याने मुलीला विचारलं.

मुलगी उत्तर देणार, तेवढ्यात मी तिचा हात दाबला. का दाबला ते मला सांगता येणार नाही.

“ह्या टेबलावर एक कप कधी आलेला नाही,” पेंटर स्वतःशीच बोलत होता. “लग्न झाल्यापासून नाही. दोन येतात. एक दिसतोय... म्हणजे हे निम्मं आहे.” त्याने उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि तो डावीकडे सरकवू लागला. सावकाश, मोजपट्टी धरल्यासारखा. त्याच्या स्वतःच्या कपाच्या पुढे गेला. मध्ये थांबला. मला वाटलं, संपलं, आता हात मागे घेणार. पण लाल पट्टी अजून लागली नव्हती, म्हणून तो पुढे गेला. बोटांना गरम कप लागला. मग कपाभोवतीची बोटं लागली.

त्याने मान वळवली. आधी थोडी, मग जोर लावून पुरती. बाईंच्या तोंडाकडे तो असा बघत राहिला की मला तिथे बसणं अवघड झालं.

“तू इथे आहेस?”

“इथेच आहे.”

“आत्ता आलीस?”

“नाही.”

 डोक्यात पेंटर एकेक दिवस मागे जात असणार, हे तोंडावर दिसत होतं. “रोज इथेच होतीस,” तो म्हणाला, आणि हे विचारणं नव्हतं. “मग मी ताईंना सांगायचो ते... पोरीला सांगितलं ते. सगळं ऐकलंस?”

उभ्या आयुष्यात बाईंनी अंदाजे उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी कपाकडे पाहिलं.

“निम्मं ऐकलं,” त्या म्हणाल्या.

पेंटरचे ओठ हलले. निम्मं, तर पूर्ण किती, हे गणित तो करायला लागला होता आणि मध्येच त्याला ते करवेना. त्याने बाईंची बोटं कपासकट मुठीत धरली. बाई म्हणाल्या, “सोडा, चहा सांडेल.” त्याने सोडलं नाही.

मुलगी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मग ती खाली बसली, बॅगेची चेन उघडली आणि बाबांचे सदरे एकेक करून परत कपाटात ठेवायला लागली.